वाचकांचे प्रश्न : खेळाची आवृत्ती बदलते, तेव्हा इतर प्रकाशकांचे काय होते?

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन गटाने खेळायचा खेळ नियमित खेळतो. आमच्या कपाटात मूळ कंपनीच्या पुस्तकांपेक्षा इतर छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या साहसपुस्तिका आणि राक्षसांचे कोश जास्त आहेत. २०२३ नंतर यांतील काही प्रकाशकांनी स्वतःचे वेगळे नियम काढले आणि त्याचे कारण म्हणून परवान्याकडे बोट दाखवले. आवृत्ती बदलली, तर पुस्तकात थोड्या दुरुस्त्या करून ते पुन्हा छापावे, इतकेच ना? परवान्याचा एवढा बाऊ कशासाठी? आणि आमच्याजवळची पुस्तके आता निकामी झाली का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपली पुस्तके निकामी झालेली नाहीत. परवाना हा मूळ कंपनी आणि प्रकाशक यांच्यातला करार असतो. पुस्तक विकत घेऊन त्यावरून खेळणाऱ्याला तो बांधत नाही. २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांत बरेच तपशील बदलले असले, तरी जुन्या पुस्तिका त्यांच्यासह चालवणे सराईत गेममास्टरला, म्हणजे गटाचा खेळ चालवणाऱ्याला, अवघड जाऊ नये.

प्रकाशकाची गोष्ट मात्र निराळी आहे. नियम बदलले तर पुस्तक दुरुस्त करावे लागते, आणि ते काम कितीही किचकट असले तरी त्याच्या स्वतःच्या हातातले असते. परवाना बदलला तर ते पुस्तक विकता येईल की नाही, हा निर्णयच दुसऱ्याच्या हाती जातो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधणाऱ्याची जी स्थिती, तीच याची. या खेळात आवृत्तीबदल आणि परवानाबदल पुन्हा पुन्हा हातात हात घालून आलेले दिसतात, आणि त्यात योगायोगाचा भाग थोडा आहे. नवी आवृत्ती काढणाऱ्या कंपनीला सर्वांनी नव्या नियमांकडे यावे असे वाटत असते. जुन्या नियमांवरची इतरांची पुस्तके बाजारात जोवर भरपूर मिळतात, तोवर खेळाडूला नवे घेण्याची निकड भासत नाही.

हा खेळ १९७४ मध्ये ‘टीएसआर’ या अमेरिकन कंपनीने प्रथम प्रकाशित केला. १९९७ मध्ये ती कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्स स्वतः ‘हॅसब्रो’च्या मालकीची झाली. २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीतील रायन डान्सी यांच्या पुढाकाराने एक धाडसी निर्णय घेण्यात आला. साहसपुस्तिकांचा खप मर्यादित असतो, कारण पाच-सहा जणांच्या गटात ती एकट्या गेममास्टरलाच लागते; खेळाडूंची मूळ नियमावली मात्र गटातल्या प्रत्येकाला घ्यावीशी वाटते. तेव्हा साहसपुस्तिका इतरांनी काढाव्यात, त्या जितक्या खपतील तितकी आपली नियमावली खपेल, असा हा हिशेब होता.

त्यासाठी कंपनीने दोन वेगवेगळे परवाने दिले, आणि पुढचा सगळा इतिहास या दोहोंतील फरकातून घडला आहे. पहिला ‘ओपन गेम लायसन्स’, म्हणजे ओजीएल. ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ किंवा एसआरडी या नावाने कंपनीने खुला केलेला नियमांचा मजकूर त्याखाली कोणालाही, कोणतीही रॉयल्टी न देता, कायमस्वरूपी वापरता येत होता. मात्र कंपनीची व्यापारचिन्हे आणि ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखून ठेवलेली नावे वापरता येत नव्हती. दुसरा होता ‘डी-ट्वेंटी’ या बोधचिन्हाचा परवाना. त्याने मुखपृष्ठावर ते चिन्ह छापता येत असे आणि ग्राहकाला पुस्तक कोणत्या खेळाचे आहे ते लगेच कळत असे, पण त्याच्या अटी कंपनी हवे तेव्हा बदलू शकत होती. पात्र घडवण्याचे नियम पुस्तकात देता येणार नाहीत, ही त्यातली मुख्य अट. वाचकाला मूळ नियमावली घ्यावीच लागावी, हा तिचा सरळ हेतू होता. २००३ मध्ये याच परवान्यात सभ्यतेच्या निकषांची भर पडली, आणि चिन्ह वापरणाऱ्यांना ती मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच वर्षी जुलैत तिसऱ्या आवृत्तीची सुधारित, ‘३.५’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती निघाली. परवाने तसेच राहिले, तरी दुकानांत साठलेली इतर प्रकाशकांची पुस्तके एका रात्रीत जुनी ठरली. हे नुकसान निव्वळ बाजाराचे होते.

परवान्याने घडवून आणलेले नुकसान पाहायचे असेल, तर २००८ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या जूनमध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासाठी ओजीएल न देता ‘गेम सिस्टिम लायसन्स’, म्हणजे जीएसएल, हा नवा परवाना काढण्यात आला. पाच हजार डॉलर भरणाऱ्या प्रकाशकांना नियम आधी पाहायला मिळतील, अशी घोषणा त्या जानेवारीत झाली होती; ती योजना मागे पडली. प्रत्यक्ष परवाना विनामूल्य होता. त्याखालची पुस्तके मात्र १ ऑक्टोबरपूर्वी विकायची नव्हती, म्हणजे इंडियानापोलिस येथे ऑगस्टमध्ये भरणारा ‘जेन कॉन’ हा या व्यवसायाचा अमेरिकेतला सर्वांत मोठा मेळावा हातचा गेला. एसआरडीमध्येही आता नियम नव्हते; ज्यांचा उल्लेख करण्यास परवानगी आहे अशा संज्ञांची जंत्री आणि काही साचे तेवढे होते. आणि अटी कंपनी केव्हाही बदलू शकत होती.

या परवान्याचे सहावे कलम मला सर्वांत बोलके वाटते. एखाद्या प्रकाशकाने आपली ओजीएलखालची मालिका नव्या परवान्याखाली आणली, तर त्या मालिकेची जुनी पुस्तके त्याने पुन्हा छापायची नाहीत आणि प्रकाशितही करायची नाहीत, असे ते कलम सांगत होते. हे बंधन परवाना संपुष्टात आल्यानंतरही कायम राहणार होते. याचा अर्थ असा, की कंपनीने उद्या परवाना काढून घेतला, तर प्रकाशकाचे नवे पुस्तकही जाणार आणि जुने तर त्याने आधीच सोडून दिलेले असणार. छोट्या प्रकाशकाचा संसार नव्या पुस्तकापेक्षा जुन्या पुस्तकांच्या थोड्याथोडक्या, पण अखंड चालणाऱ्या विक्रीवर उभा असतो. पीडीएफ विक्री सुरू झाल्यापासून तर हे अधिकच खरे झाले. त्याच विक्रीवर या कलमाने हात घातला होता. ‘ग्रीन रोनिन’सारख्या प्रतिष्ठित प्रकाशकाने या परवान्यावर सही करण्यास नकार दिला. मार्च २००९ मध्ये विझर्ड्सने सुधारित मसुदा काढून हे कलम वगळले, पण तोपर्यंत अनेकांनी आपापले मार्ग धरले होते.

त्यांतला सर्वांत दूर गेलेला मार्ग ‘पायझो’चा. ही कंपनी २००२ पासून विझर्ड्सच्या परवान्याखाली ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही मासिके काढत होती. तो करार वाढवण्यात आला नाही आणि सप्टेंबर २००७ मध्ये दोन्हींचे शेवटचे छापील अंक निघाले. मुख्य उत्पन्न गेलेल्या पायझोने ऑगस्ट २००७ पासून ओजीएलखाली ‘पाथफाइंडर’ ही साहसमालिका सुरू केली होती. चौथ्या आवृत्तीचा परवाना हाती येण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा मार्च २००८ मध्ये तिने ३.५ च्या नियमांवर आधारित स्वतंत्र खेळ जाहीर केला आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्याची नियमावली बाजारात आणली. कंपनीने टाकून दिलेली आवृत्ती कंपनीच्याच परवान्याने दुसऱ्याने जिवंत ठेवली, आणि चौथ्या आवृत्तीला बाजारातला सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी मिळाला तो हाच.

२०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तेव्हा सुरुवातीला इतरांसाठी कोणताच परवाना नव्हता. काही प्रकाशकांनी तिसऱ्या आवृत्तीचा खुला मजकूर घेऊन त्यातूनच पाचव्या आवृत्तीला जुळणारी पुस्तके काढली. जानेवारी २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ओजीएलखाली आला आणि त्याच सुमारास ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ हे विक्रीचे संकेतस्थळही सुरू झाले. तेथे कंपनीच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या कल्पित जगातही लिहिता येते, परंतु लेखकाला विक्रीच्या ५० टक्केच मिळतात आणि ते लेखन दुसरीकडे विकता येत नाही.

आपण ज्या घडामोडीचा उल्लेख केला आहे, ती जानेवारी २०२३ मधली. पुढच्या आवृत्तीची तयारी चालू असताना ‘ओजीएल १.१’ या नव्या परवान्याचा मसुदा ५ जानेवारीला ‘गिझमोडो’ या संकेतस्थळाच्या बातमीतून बाहेर आला. वर्षाला साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टी, ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरील विक्रीसाठी २० टक्के. ५० हजार डॉलरच्या पुढे उत्पन्नाचा अहवाल. प्रकाशकाचा मजकूर कंपनीला विनामोबदला, कायमचा वापरण्याची मुभा. आणि तीस दिवसांच्या सूचनेने अटी बदलण्याचा किंवा करार संपवण्याचा अधिकार, असा तो मसुदा होता. रॉयल्टी नफ्यावर नसून एकूण उत्पन्नावर होती, हे लक्षात घ्यावे. जाड, रंगीत पुस्तकांची छपाई आणि टपालखर्च वजा जाता हाती जे उरते, त्यातून पंचवीस टक्के काढणे बहुतेक प्रकाशकांना शक्यच नव्हते. तरीही खरी धडकी भरवली ती जुना ओजीएल यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही या वाक्याने. जुन्या परवान्याच्या नवव्या कलमात ‘कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरता येईल’ असे म्हटले होते, आणि त्यात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असला तरी ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द नव्हता. वीस वर्षांपूर्वी कंपनीच्याच खुलाशात, नवा परवाना पसंत नसेल तर जुना वापरत राहता येईल, असे सांगितलेले होते, आणि आपला हेतू तोच होता असे डान्सी यांनीही २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. पण खुलासा म्हणजे करार नव्हे. न्यायालयात काय ठरले असते, याची पैज कोणत्याही प्रकाशकाने आपल्या सगळ्या पुस्तकांवर लावली नसती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. खेळाडूंचा संताप उसळला, १९ जानेवारीला ‘१.२’ असा सौम्य मसुदा निघाला, त्यावर पंधरा हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी या परवान्याखाली काही प्रकाशित करण्याची इच्छा नसल्याचे कळवले. २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली, जुना ओजीएल होता तसा ठेवला आणि पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.०’ या परवान्याखाली खुला केला. हा परवाना विझर्ड्सच्या मालकीचा नाही आणि तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. २०२४ च्या नियमांवरचा एसआरडी ५.२ सुद्धा २२ एप्रिल २०२५ रोजी याच परवान्याखाली आला. मात्र नवी खेळाडू-नियमावली सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली होती. मधले सात महिने इतर प्रकाशकांना नव्या आवृत्तीसाठी लिहायचे, तर हाताशी ५.१ चाच मजकूर होता.

मग माघार झाल्यावरही प्रकाशकांनी वेगळी वाट का धरली, हे आपण विचाराल. ‘कोबोल्ड प्रेस’ने आपले ‘टेल्स ऑफ द व्हॅलियंट’ हे नियम ५.१ च्या पायावर काढले. त्यात कायद्याच्या भीतीइतकाच, आपल्या पुस्तकांना आपलाच पाया असावा हा व्यापारी विचारही असावा. पायझोने ‘ओआरसी’ हा नवा खुला परवाना तयार करवून घेतला आणि नोव्हेंबर २०२३ पासून पाथफाइंडरची ‘रीमास्टर’ पुस्तके त्याखाली आणली. यासाठी ओजीएलमधून आलेली ओळखीची नावे तिला काढून टाकावी लागली : ‘मॅजिक मिसाइल’ या जादूचे ‘फोर्स बॅरेज’ झाले, पात्राचा नैतिक कल दाखवणारी ‘अलाइनमेंट’ गेली. नियम सुधारावेत म्हणून नव्हे, तर परवान्याच्या कात्रीतून सुटण्यासाठी पुस्तके नव्याने लिहिली गेली. आणि यात एक विसंगती अशी, की पाथफाइंडरसाठी लिहिणाऱ्या छोट्या प्रकाशकांनाही त्यामुळे आवृत्तीबदल सोसावा लागला, कारण ओजीएलखालचा मजकूर आणि ओआरसीखालचा मजकूर एकाच पुस्तकात मिसळता येत नाही. खुल्या परवान्याच्या कैवाऱ्याच्या घरीही आवृत्तीबदलाची किंमत शेवटी छोट्यांनीच मोजली.

प्रश्न : खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, असे वाचले आहे. तसे असेल, तर हे प्रकाशक परवाना घेतातच कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचले ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवरील एका पुस्तकाबाबत, ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या १८७९ च्या खटल्यात, पद्धतीचे वर्णन संरक्षित असले तरी पद्धत कोणाच्याही मालकीची होत नाही, असे ठरवले, आणि तेच तत्त्व पुढे त्यांच्या कायद्यातही आले. आपल्याकडे ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या १९७८ च्या निकालाने कल्पनेवर कॉपीराइट नाही हे स्पष्ट केले. खेळांविषयीचा आपला एक लक्षणीय निकाल २००८ मधला आहे. कोलकात्यातील दोन भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ इंटरनेटवर आणला, तेव्हा ‘स्क्रॅबल’ या मूळ शब्दखेळाचे हक्क सांगणाऱ्या ‘मॅटेल’ कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ‘स्क्रॅबल’च्या पटावर कॉपीराइट असल्याचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही, पण नावातील साधर्म्यामुळे व्यापारचिन्हाच्या मुद्द्यावर प्रतिवादींना ते नाव वापरण्यास मनाई केली.

हाच अनुभव आपल्या विषयाला लागू होतो. नियम घेता येतात. ते सांगणारे मूळचे शब्द, चित्रे, पात्रांची आणि जगांची नावे घेता येत नाहीत. तीनशे पानांच्या नियमावलीत नियम कोठे संपतो आणि शब्दरचना कोठे सुरू होते, ही रेषा कोणीच निश्चित आखून देऊ शकत नाही. २००८ मध्ये ‘केन्झर अँड कंपनी’ने आपले ‘किंग्डम्स ऑफ कलामार’ हे पुस्तक चौथ्या आवृत्तीसाठी कोणत्याही परवान्याशिवाय काढून दाखवले. पण त्या कंपनीचे प्रमुख स्वतः बौद्धिक संपदेचे वकील होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. बाकीचे प्रकाशक परवाना घेतात तो हक्क मिळवण्यासाठी कमी आणि खटला होणार नाही एवढी शाश्वती मिळवण्यासाठी जास्त. शिवाय मोठ्या कंपनीची नोटीस आली, की खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच वितरक आणि विक्रीची संकेतस्थळे पुस्तक खाली उतरवतात.

प्रश्न : परवान्याची मुदत संपली, तर दुकानदाराकडे पडून असलेल्या साठ्याचे काय?
— एक पुस्तकविक्रेते, पणजी

उत्तर : मुदतीचे बंधन परवाना घेणाऱ्या प्रकाशकावर असते, रीतसर विकत घेतलेल्या प्रती दुकानदार सर्वसाधारणपणे विकू शकतो. ‘डी-ट्वेंटी’ चिन्हाचा परवाना संपवण्यात आला, तेव्हा प्रकाशकांना असलेला साठा विकण्यासाठी २००८ अखेरपर्यंतची सवलत होती. आपण विक्री-परतीच्या बोलीवर माल घेत असाल, तर मात्र प्रकाशकाला तो परत स्वीकारावा लागेल, पण पुन्हा विकता येणार नाही. साहजिकच तो परत घेण्यास टाळाटाळ करील. परतीची तारीख आधीच लेखी ठरवून घ्यावी.

प्रश्न : सह्याद्रीतील एका कल्पित किल्ल्यावर घडणारी साहसपुस्तिका मराठीत काढण्याचा माझा विचार आहे. नियमही थोडक्यात मराठीत द्यावेत असे वाटते. कोणाची परवानगी लागेल? आणि आवृत्ती पुन्हा बदलली तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एसआरडी ५.१ किंवा ५.२ यांपैकी कोणत्याही मजकुराचे मराठी भाषांतर करून तो व्यावसायिक पुस्तकातही छापता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा हा परवाना भाषांतराला स्पष्ट मुभा देतो आणि त्यासाठी अर्ज किंवा शुल्क नाही. ५.१ चा मजकूर फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये कंपनीने स्वतः दिला आहे. मराठीसाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. एसआरडीच्या आरंभी दिलेले श्रेयनिवेदन पुस्तकात छापावे आणि मजकुरात बदल केल्याचे नमूद करावे. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ असे मुखपृष्ठावर म्हणता येते, पण खेळाचे बोधचिन्ह वापरता येत नाही. कंपनीच्या नियमावलीतील प्रत्येक राक्षस एसआरडीत नाही. ‘माइंड फ्लेयर’सारखे काही तिने स्वतःकडेच राखले आहेत. आपल्याकडे वेताळ, हडळ, ब्रह्मराक्षस असताना त्यांची उणीव भासण्याचे कारण नाही, आणि ते कोणाच्या व्यापारचिन्हात अडकलेलेही नाहीत.

आवृत्तीबदलाची तयारी पुस्तकाच्या मांडणीपासूनच करता येते. किल्ल्याचे वर्णन, माणसे, कथानक हा आपला मजकूर एकीकडे ठेवावा आणि आकडे, हल्ले, जादू असा नियमांवर अवलंबून असलेला भाग शेवटच्या परिशिष्टात एकत्र घ्यावा. म्हणजे नियम बदलले तर तेवढीच पाने नव्याने लिहावी लागतील. वर उल्लेखलेल्या ‘डंजन मास्टर्स गिल्ड’वर हे पुस्तक देऊ नये, कारण तेथून ते परत काढून स्वतंत्रपणे विकता येणार नाही.

आपल्याकडचे नवे प्रकाशक कंपनीच्या परवान्याची धास्ती घेतात आणि चित्रकाराशी मात्र तोंडी बोलणीच करतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच, आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, तो हक्क संपतो. २००० पासून या खेळाच्या मुख्य आवृत्त्या साधारणपणे सहा ते दहा वर्षांनी बदलत आल्या आहेत. म्हणजे पुस्तिकेची नवी आवृत्ती काढण्याची वेळ येईल, तेव्हा नियमांचा मजकूर आपल्याला विनासायास मिळेल, पण आपल्याच पुस्तिकेतील किल्ल्याचे चित्र पुन्हा छापण्याचा हक्क कदाचित उरलेला नसेल. म्हणून चित्रकाराशी, नकाशे काढणाऱ्याशी आणि सहलेखकाशी करार करताना मुदत, जगभरचा प्रदेश, पुढील आवृत्त्या, भाषांतरे आणि पीडीएफ यांचा करारात नावानिशी उल्लेख करावा, एका वर्षाची अट लागू होणार नाही असेही त्यात लिहावे, आणि चित्रे हाती येण्यापूर्वी त्यावर सह्या घ्याव्यात.